अंधारात भरायचं, उजेडात फिरवायचं

(गणपतीपुळे येथील स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ अशी करून दिली आणि मागच्या दोन रांगांत एक प्रश्न तयार झालेला मला इथूनच दिसला: कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्या मुलांच्या नोकऱ्या खाणार का? तो जेवताना विचारा. मला दिलेली दहा मिनिटं मी शीट फिल्म धुण्यावर घालवणार आहे. सकाळपासून तुमच्यापैकी निम्म्यांनी मला विचारलंय, “फोटो काढलास ना, मग दाखव की!” त्याचं हे लांबलचक उत्तर समजा.

छत्तीस फोटोंचा रोल आपण सगळ्यांनी वापरलाय. शीट फिल्म सुटी असते, पत्त्याच्या पानासारखी. एका पानावर एकच फोटो. माझी चार बाय पाच इंचांची आहे. एक्स-रे हा तिचा थोरला भाऊ. तो खिडकीशी धरून न पाहिलेला माणूस इथे नसेल. मुख्याध्यापकांच्या खोलीत जुन्या तुकड्यांचे फोटो लावलेले होते, आठवतात? चौथ्या रांगेतल्या मुलाचे विस्कटलेले केससुद्धा दिसायचे. डोक्यावर काळं फडकं घेऊन लाकडी कॅमेऱ्याने फोटो काढणाऱ्यांची ती करामत. निगेटिव्हच मोठी, त्यामुळे चेहरे फाटत नाहीत.

ही फिल्म धुण्याची जुनी रीत ट्रेची. मिट्ट काळोखात चार-सहा शीट द्रावणात एकावर एक ठेवायच्या आणि तळातली काढून वर, तळातली काढून वर, असं करत राहायचं. बोटं द्रावणात, ओरखड्यांची भीती, आणि डेव्हलपरपासून हायपोपर्यंत दिवा लावायची सोय नाही. मी ते काही दिवस केलं. ज्यांना त्यात काव्य दिसतं त्यांनी ते खुशाल करावं.

ड्रमचं तसं नाही. माझा ड्रम ‘जोबो’ या जर्मन कंपनीचा, जुना, कोणीतरी वापरून सोडलेला. आत दहा नळकांडी, प्रत्येकात एक शीट. अंधार लागतो तो फक्त भरताना. शीटच्या कडेला खाचा असतात. खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की लेपाची बाजू आपल्याकडे, हे बोटांनी वाचायचं. ती बाजू नळकांड्यात आत, पोकळीकडे ठेवायची. झाकण लागलं की दिवा लावा, चहा ठेवा. द्रावणं झाकणातून आत जातात, उजेड जात नाही.

मग ड्रम आडवा ठेवून फिरवायचा. आपल्याकडे पोफळीच्या बागेत रहाट असे, त्याची गाडगी खाली पाण्यात बुडून वर येत. इथे उलट: द्रावण तळाशी थोडंसं असतं आणि फिल्मच फेऱ्यात खाली जाऊन भिजून वर येते. म्हणून ट्रेला जिथे लिटरभर लागतं तिथे दहा शीटना मला तीनशे मिली पुरतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला याचं अप्रूप वाटणारच. मात्र अगदी थेंबांवर काटकसर चालत नाही. चार शीटमागे मूळ ताकदीचा डेव्हलपर शंभर मिली हवाच, नाहीतर शेवटी रसायनातला दम संपतो.

फिरवायचा तो सेकंदाला जेमतेम एक फेरा, आणि दर काही फेऱ्यांनी दिशा बदलत. आज सकाळी आपण डोंगराला प्रदक्षिणा घातली ती एकाच दिशेने. ड्रमला एकाच दिशेने घातली तर फिल्मवर पट्टे उमटतात. मोटर असली तर दिशा ती बदलते. वीज गेली तर हात आहेत.

खरी डोकेदुखी पाण्याची. फिल्मबरोबरचे वेळेचे तक्ते वीस अंश सेल्सिअसचे असतात. थंड देशांत ते तापमान गाठणं सोपं. आपल्या विहिरीचं मे महिन्यातलं पाणी सत्तावीसच्या खाली यायला तयार नसतं. माझ्या फिल्मला, म्हणजे इलफर्डच्या एफपी-फोरला, डी-७६ च्या मूळ द्रावणात वीस अंशांवर साडेआठ मिनिटं लागतात. सत्तावीसला तेच काम साडेचार मिनिटांत उरकतं. ऐकायला बरं वाटतं, पण पाच मिनिटांच्या आत आलात की ओतायला-काढायला लागलेले दहा-पंधरा सेकंदही फिल्मवर दिसतात; एक कोपरा पुढे, एक मागे. म्हणून टबात बर्फ. बर्फ द्रावणात नाही, बाटल्यांच्या भोवती. आणि फक्त डेव्हलपर गार करून भागत नाही, हायपो आणि धुण्याचं पाणीही जवळपास त्याच तापमानाचं लागतं. माझ्या फ्रीजमधल्या बर्फावर घरच्यांचा हक्क त्या दिवशी संपलेला असतो.

घरात फिल्म धुणं मराठी माणसाला नवं नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. कच्ची फिल्म भोकांशिवाय येई. दादरच्या घरात अंधारात बसून ती भोकं पाडायची, रसायनं कालवायची आणि फिल्म धुवायची हे काम सरस्वतीबाई फाळके करत होत्या. शिवाय कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाकही त्याच पाहत. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लागला. आपण शाळेत दादासाहेबांचं नाव पाठ केलं, सरस्वतीबाईंचं नाही. मुंबईच्या उकाड्यात, आजच्या सोयींशिवाय धुतलेली फिल्म पडद्यावर दिसत होती, याचा अर्थ त्या बाईंना तापमान कळत होतं.

आता सतत फिरण्याचा एक परिणाम सांगते, कारण आजच्या फोटोशी त्याचा संबंध आहे. ट्रेमध्ये फिल्म मधेमधे स्वस्थ असते. जिथे उजेड जास्त पडलाय, म्हणजे पांढरा शर्ट, तिथला डेव्हलपर लवकर थकतो आणि काम मंदावतं. ड्रममध्ये त्याला थकायला वेळच मिळत नाही, प्रत्येक फेऱ्याला ताजा माल. त्यामुळे पांढरं फार पांढरं होतं. उपाय दोन: वेळ साधारण पंधरा टक्के कापायचा, किंवा आधी पाच मिनिटं नुसत्या पाण्यात ड्रम फिरवून घ्यायचा. दोन्ही एकदम करायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला कॉलेजने नाही, आपल्या शास्त्राच्या बाईंनी शिकवलं. माझ्या वहीत प्रत्येक ड्रमची नोंद आहे, बाई. निरीक्षण, अनुमान, सगळं रकान्यांत.

सकाळी आपण किनाऱ्यावर उभे राहिलो तेव्हा डोंगराची सावली होती. सावलीतला उजेड मऊ असतो, काळं-पांढरं जवळजवळ येतं. तिथे ड्रमचा हा जादा ठसका उपयोगी पडेल असा माझा अंदाज आहे. पण सर पांढऱ्या शर्टात आहेत आणि बाई गडद जांभळ्या साडीत, दोघं शेजारी बसलेले. शर्टाच्या घड्याही दिसायला हव्यात आणि साडीचा काठही. अंदाज चुकला तर परत उभे राहा म्हणायला मी कोणाला शोधू? एकजण मस्कतहून आलाय. सरांना मुलाने गाडीतून आणलंय आणि जेवण झालं की ते निघणार आहेत.

म्हणून शीट दोन उघडल्या. दोन्ही एकाच ड्रममध्ये घालणार नाही. घरी गेल्यावर एक धुवायची, सुकवायची (आपल्या दमट हवेत रात्रभर लागते), काचेवर ठेवून शर्ट आणि काठ पाहायचा, मग दुसरीची वेळ ठरवायची.

पहिली कुठली धुवायची तेही ठरलंय. पाव सेकंदाचा फोटो होता, मी सांगितलं होतं हलू नका. दुसऱ्या शीटच्या वेळी मागच्या रांगेतल्या तिघांना कुठल्यातरी जुन्या गोष्टीवरून हसू फुटलं. कोणत्या ते मला माहीत आहे. ती आधी धुणार. पहिलीत सर एकदम स्थिर आहेत, सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत, वर्गात बघायचे तसे. ती नंतर.