कायदा आणि समाजाची संमती



परकी राजवटीत सामाजिक सुधारणेचा कायदा करून घ्यायचा, तर दोन दरवाजे ठोठवावे लागत. कारभार हिंदुस्थान सरकार पाहत असे; त्यावरील अंतिम सत्ता लंडनची. त्यातच 1858 च्या जाहीरनाम्यात राणीने धर्मात हस्तक्षेप न करण्याचे अभिवचन दिले होते. सुधारकांनी काही मागितले की त्या अभिवचनाकडे बोट दाखविले जाई.

बेहरामजी मलबारी यांनी 1884 मध्ये बालविवाहाविरुद्ध टिपण प्रसिद्ध केले. सरकारने प्रांतोप्रांतीची मते मागविली आणि 1886 मध्ये कायदा करण्यास नकार दिला. मग 1890 मध्ये मलबारींनी लंडन गाठले व तेथील लोकमत जागविले. त्याच वर्षी कलकत्त्यात फुलमणी ही बालवधू पतीच्या हातून प्राणास मुकली. अखेर 19 मार्च 1891 रोजी संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा 10 वरून 12 वर्षे झाली. रानडे, भांडारकर अनुकूल होते; परक्या सरकारने कायद्याने सुधारणा लादू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. कायदा झाला, परंतु समाजाच्या संमतीचा प्रश्न शिल्लक राहिला.

त्या प्रश्नाला पुढे हात घातला तो आपल्या वऱ्हाडातील एका गृहस्थाने. 1928 मध्ये सरकारने नेमलेल्या संमतिवय समितीचे अध्यक्षपद अमरावतीचे विधिज्ञ सर मोरोपंत जोशी यांच्याकडे आले. समितीने देशभर प्रश्नावल्या पाठविल्या, गावोगावच्या साक्षी घेतल्या, स्त्रियांचेही म्हणणे ऐकले. केवळ संमतिवय वाढवून भागणार नाही, विवाहाचेच वय ठरवावे, असा तिचा निष्कर्ष निघाला. हरबिलास सारडा यांच्या विधेयकाला त्यामुळे बळ मिळाले. लोक तयार नाहीत, ही सबब आता सरकारजवळ उरली नाही. 1929 मध्ये कायदा संमत झाला. मुलीचे वय 14, मुलाचे 18 ठरले.

तरीही सरकारने हात राखूनच दिले. कायदा 1 एप्रिल 1930 पासून लागू होणार होता. तत्पूर्वीच्या महिन्यांत अनेक ठिकाणी घाईघाईने बालविवाह उरकले गेले. पोलिसांनी आपण होऊन गुन्हा नोंदवायचा नव्हता. फिर्याद नागरिकाने करावयाची, आणि त्यासाठी त्याच्याकडून 100 रुपयांपर्यंतचा जामीन लिहून घेता येई. शेजाऱ्याविरुद्ध, आप्ताविरुद्ध स्वतःला गुंतवून घेऊन कोण उभा राहणार? व्यापाऱ्याला जामिनाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

1978 मध्ये मुलीचे वय 18 व मुलाचे 21 झाले. 2006 च्या कायद्याने शिक्षा कडक केली आणि अल्पवयात लग्न झालेल्या व्यक्तीला तो विवाह रद्द करून घेण्याचा हक्क दिला. आज लंडनकडे पाहण्याचे कारण नाही. कायदा आपला, सरकार आपले. मंगल कार्यालय ठरविताना, पत्रिका छापताना, आहेर घेऊन जाताना मुलीचे वय विचारणारा मात्र समाजातलाच कोणीतरी हवा. मोरोपंतांच्या समितीने लोकांना प्रश्न विचारला होता. तो विचारण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.