मासवडीतली प्रथिनं

जुन्नर-आंबेगावात पाहुणा आला की मासवडीचा बेत ठरतो. नावात मासा, पण वडीत तो औषधालाही नाही! फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन घोटायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळकटी करायची. शंभर ग्रॅम बेसनात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं. सोबतच्या बाजरीच्या भाकरीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते हरभरा पुरवतो. हरभऱ्यात मेथिओनिन कमी, ते तिळात भरपूर. भाकरी-मासवडीची जोडी जमते ती अशी. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. साठ किलोंच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. आता एवढा खटाटोप रोज कोण करणार म्हणा! एरवी हुलग्याची शेंगोळी आहेतच.