अंगचोर की आजारी?



‘अंगचोर’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. आज ज्या रोगाविषयी आम्ही बोलणार आहोत, त्याच्या रोग्यांनी हा शब्द निरनिराळ्या भाषांतून पुष्कळ सोसला आहे. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे जुनाट थकव्याचा विकार. नाव फसवे आहे. थकवा कोणाला येत नाही? परंतु हा थकवा झोपेने जात नाही, आणि जरा अधिक चालणे झाले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रोगी अंथरुणाला खिळतो. श्रमानंतरची ही घसरण हीच रोगाची खरी खूण.

१९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात अशा आजाराची साथ आली. २९२ कर्मचारी आजारी पडले व रुग्णालय काही महिने बंद ठेवावे लागले. पुढे १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद चाळून हा उन्माद असल्याचा निर्वाळा दिला. रोगी तपासले नाहीत. आजारी पडलेल्यांत बायकाच फार, हा त्यांचा एक पुरावा! परिचारिकांनी भरलेल्या रुग्णालयात दुसरे कोण आजारी पडणार? या निर्वाळ्याची छाया संशोधनावर दीर्घकाळ राहिली, असे आम्हांस वाटते.

पुढची वाटही सरळ नव्हती. नॉर्वेतील फ्लुगे व मेला या डॉक्टरांना कर्करोगाच्या एका रोग्याचा हा दुसरा आजारही औषधोपचाराने हलका झालेला दिसला. त्यांनी २०११ साली रिटुक्सिमॅब हे औषध ३० रोग्यांवर अजमावले, आशा वाढली. मग १५१ रोग्यांवर कसोशीने प्रयोग केला, तेव्हा औषधाचा उपयोग होत नाही असे दिसले, आणि तसे त्यांनी २०१९ साली छापूनही टाकले. आपलीच आशा आपल्या हातांनी खोडणे सोपे नसते.

व्यायाम हळूहळू वाढवीत नेण्याचा उपचारही ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ साली मागे घेतला.

रक्त तपासून हा रोग ठरविण्याची सर्वमान्य चाचणी अद्याप नाही. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी १५,५७९ रोग्यांच्या जनुकांची निरोगी माणसांशी तुलना करून आठ ठिकाणी फरक असल्याचे जाहीर केले. त्यांतील काहींचा संबंध रोगप्रतिकारशक्तीशी व मज्जासंस्थेशी दिसतो. हे नमुने गोळा करण्यासाठी कोणाला रुग्णालयात बोलाविले नव्हते. रोग्यांनी घरच्या घरीच नळीत लाळ भरली आणि ती टपालाने पाठविली.