हे गाणं की भांडण?

आम्ही विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहतो. घर दोन खोल्यांचं. धाकटा चिरंजीव कॉलेजातून आला की मोबाइलवर रॅप लावायचा आणि मी ओरडायचो, "अरे, हे गाणं आहे की भांडण?" एकदा त्यानंच विचारलं, "बाबा, वारल्यांचा उठाव म्हणजे काय हो?" मला सांगता येईना. इतकी वर्षं या भागात राहून वारली म्हणजे मला ठाऊक होतं ते भिंतीवरचं चित्र!

तो ऐकत होता मुंबईच्या 'स्वदेसी' गटाचं 'द वारली रिव्होल्ट', २०१९ सालचं. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा आपापल्या भाषांत रॅप करणारी ही मुलं. या गाण्यात त्यांच्या जोडीला आहेत आरेतल्या केलटीपाड्याचे वारली कलावंत प्रकाश भोईर. विषय अर्थातच जंगल आणि जमीन. आरेतल्या मेट्रो कारशेडवरून तेव्हा शहरात दोन तट पडले होते. रोज विरार लोकलला लोंबकळणारा मी मेट्रोच्या बाजूचा. त्याच ऑक्टोबरात आरेतली दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली. गाण्यानं ती वाचली नाहीत. पण माझ्या घरात प्रश्न मात्र येऊन बसला.

वाचनालयातून गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आणलं. १९४५ साली आपल्याच डहाणू-उंबरगाव पट्ट्यातल्या वारल्यांनी वेठबिगार नाकारली, गवतकापणीची रास्त मजुरी मागितली. त्यांच्यावर गोळीबारही झाला. रॅप ऐकणाऱ्या मुलामुळं बापानं हे पन्नाशीत वाचलं.

रॅपवाल्यांशी सत्तेचं वाकडं जुनंच. अमेरिकेत कॉम्प्टनच्या 'एन. डब्ल्यू. ए.' या गटानं १९८८ मध्ये पोलिसांच्या दंडेलीवर गाणं केलं, तर पुढच्या वर्षी एफबीआयकडून त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र गेलं. १९९२ साली लॉस एंजेलिस पेटलं, तेव्हा ती मुलं काय सांगत होती, ते अनेकांना उमगलं. त्यांची बायकांविषयीची भाषा मात्र ओंगळ होती. तिची वकिली मी करणार नाही. आपल्याकडेही २०२३ मध्ये राजकारण्यांवर रॅप केलं म्हणून तरुणांवर गुन्हे दाखल झालेच.

'स्वदेसी'तला धर्मेश परमार, म्हणजे एमसी तोडफोड, गुजरातीतून रॅप करायचा. मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. त्या संध्याकाळी आमच्याकडे मोबाइल गप्प होता. मीच म्हटलं, "लाव रे, त्याचं काहीतरी लाव."

माझ्या कानांना हा प्रकार अजून जडच जातो. पण स्टेशनबाहेर करवंदं घेऊन बसणाऱ्या बाईंना मी हल्ली नुसता भाव विचारत नाही, गावही विचारतो. आणि हो, ते भांडणच आहे. फक्त ते कशासाठी आहे, हे आधी ऐकून घ्यायला हवं होतं.