करंट बिल किती आलं?

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर आषाढात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



गेल्या वर्षी याच हॉलमध्ये मी ‘करंट बिल कमी कसं करावं’ या विषयावर बोललो होतो. वीज खात्यात हिशेबाच्या टेबलावर बत्तीस वर्षं काढलेला माणूस म्हणून तुम्ही मला बोलावलंत आणि मीही भाव खाऊन बोललो. त्या भाषणात मी एक आदर्श उदाहरण दिलं होतं. आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका काकूंचं. भर मे महिन्यातही त्यांचं बिल दोनशे युनिटच्या आत. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आज मी त्या उदाहरणाची दुरुस्ती करायला उभा आहे. काकूंची परवानगी घेतली आहे. त्या इथेच बसल्या आहेत, पण कोण ते विचारू नका.

आधी तुलनेबद्दल थोडं बोलतो, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एप्रिल उजाडला की बिलांचे फोटो पडायला लागतात. इंदूरची वहिनी, बडोद्याची मावसबहीण, बेळगावचा भाचा, पुण्याचा धाकटा भाऊ आणि हैदराबादचे आम्ही. ‘आमचं बाराशे, तुमचं किती?’ मग भाऊ म्हणतो, ‘तुमच्याकडे काय बुवा, मजा आहे.’ बडोद्याची बहीण म्हणते, ‘माझं तर चार हजार आलं!’ त्यावर दोन दिवस हळहळ चालते. शेवटी कुणीतरी आठवण करून देतं की तिचं बिल दोन महिन्यांचं एकत्र येतं. म्हणजे महिन्याचं दोन हजार. शिवाय घरात माणसं सहा, आमच्याकडे दोन.

सवलतींचं तर विचारूच नका. मध्य प्रदेशात, कर्नाटकात आणि आपल्या तेलंगणात योजनेच्या नावात ‘गृहज्योती’ आहेच, पण हिशेब तीन तऱ्हांचे. इंदूरला महिन्याचा वापर दीडशे युनिटच्या आत असला तर पहिल्या शंभर युनिटांचे शंभर रुपये. बेळगावला २०२३ पासून दोनशे युनिटपर्यंत वीज मोफत, पण किती युनिट मोफत ते तुमच्या आधीच्या सरासरीवरून ठरतं. आपल्याकडे मार्च २०२४ पासून पांढरं रेशन कार्ड असणाऱ्यांना दोनशे युनिटपर्यंत शून्य बिल. पुण्याच्या भावाला यातलं काहीच नाही, वर सोळा टक्के वीज शुल्क. मग रुपयांची तुलना करून काय कळणार? भाच्याचं शून्य आलं म्हणून तो काटकसरी ठरत नाही आणि भावाचं जास्त आलं म्हणून तो उधळ्या ठरत नाही.

तुलना करायचीच असेल तर युनिटची करा, आणि तीही दिवसाची. बिलावर मागच्या रीडिंगची तारीख असते आणि या वेळची असते. मधले दिवस मोजा. कधी अठ्ठावीस भरतात, कधी तेहतीस. युनिटना दिवसांनी भागा. जो आकडा येईल तो तुमच्या घराचा खरा आकडा. तो शेजाऱ्याशी ताडून बघण्यापेक्षा आपल्याच गेल्या एप्रिलशी ताडून बघा. शेजाऱ्याचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर असतो, पूर्वेला तोंड करून. तुमचा वरच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत दुपारी दोनपासून तापत राहते. ती भिंत आणि डोक्यावरचा स्लॅब रात्री अकरापर्यंत ऊन परत देत असतात. सुलतान बाजार, काचीगुडा भागातल्या जुन्या घरांत जे वाढले त्यांना हे ठाऊक आहे. जाड चुन्याच्या भिंती, उंच छत, खिडकीला वाळ्याचा पडदा. त्या घरात पंखा पुरायचा. आताच्या फ्लॅटमध्ये पंखा म्हणजे तापलेली हवा ढवळायचं यंत्र.

आता आपल्या हैदराबादच्या दरांची मेख. २०२२ साली जे दर ठरले त्यांवरच मी हिशेब मांडतो. त्यात इंधन अधिभार, स्थिर आकार वगैरे धरत नाही, नुसते युनिटचे पैसे. महिन्याला शंभरच्या वर आणि दोनशे युनिटपर्यंत वापर असेल तर पहिले शंभर ३ रुपये ४० पैशांनी, पुढचे शंभर ४ रुपये ८० पैशांनी. दोनशे युनिटचे झाले ८२० रुपये. आता तुम्ही एकच युनिट जास्त जाळलंत, २०१ झाले. मग ते आधीचे दोनशेच्या दोनशे युनिट ५ रुपये १० पैशांनी लागतात आणि वरचं एक ७ रुपये ७० पैशांनी. बिल १,०२७ रुपये ७० पैसे. एका युनिटला दोनशे सात रुपये! पुण्याला असं होत नाही. तिथे पुढच्या टप्प्यात गेलात तरी आधीचे युनिट आधीच्याच दराने राहतात. आपल्याकडे दोनशेच्या ठिकाणी पायरी नाही, कडा आहे. शून्य बिलवाल्यांची तर याहून वाईट गत, शून्यावरून एकदम हजारावर.

ही कडा मी गेल्या वर्षी तुम्हाला फार रंगवून सांगितली होती. ‘दोनशेच्या आत राहा, मीटरवर नजर ठेवा,’ असं फळ्यावर लिहून दाखवलं होतं. समोरच्या ओळीत काकू वहीत उतरवून घेत होत्या.

यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमचे शेजारचे तेलुगू गृहस्थ म्हणाले, रोहिणी कार्ते अजून महिनाभर लांब आहे आणि आताच दगड फुटायला आलेत. पारा बेचाळीसवर होता. सकाळी काकूंची दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसली. बेल वाजवली, उत्तर नाही. किल्ली आमच्याकडे असते म्हणून बरं. आत गेलो तर काकू दिवाणावर, डोळे उघडे, पण मी कोण ते ओळखेनात. अंग तापलेलं, कोरडं. कूलर बंद. पंखा एक नंबरवर. खिडक्या लावलेल्या, का तर गरम वारा येतो. ओला टॉवेल अंगावर टाकून, पंखा पूर्ण सोडून, तसंच दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन तास गेले असते तर सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी विचारलं, ‘काकू, कूलर का बंद होता हो?’ त्यांनी वही पुढे केली. रोजचं मीटर रीडिंग, तारखेसकट. पंचवीस दिवसांत १८८ युनिट. रीडिंगला पाच दिवस बाकी. खाली लिहिलं होतं : ‘फक्त १२ उरले.’ आणि म्हणाल्या, ‘तुम्हीच सांगितलंत ना, दोनशेच्या वर जायचं नाही म्हणून. पुन्हा मंडळात नाव घेतलं होतंत माझं. यंदा वर गेलं असतं तर बरं दिसलं असतं का?’

मंडळी, बत्तीस वर्षांत माझ्या हिशेबात चूक निघाली नाही, असं मी अभिमानाने सांगत आलो. ही निघाली.

घरी येऊन मी कागद घेतला. काकूंचा वापर रोजचा साडेसात युनिट. त्या नेहमीसारख्या राहिल्या असत्या तर तीस दिवसांचे २२५ युनिट झाले असते. त्याचे आपल्या दराने १,२१२ रुपये ५० पैसे. म्हणजे ८२० पेक्षा ३९२ रुपये ५० पैसे जास्त. तेवढ्यासाठी पाच दिवस कूलर बंद. दवाखान्याचं बिल मी इथे सांगत नाही, त्यांच्या मुलाने भरलं आणि तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मग ते साडेसात युनिट जातात कुठे, ते बघितलं. एक हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, एवढंच ध्यानात ठेवा. काकूंचा जुना फ्रिज रोज सव्वा युनिटच्या आसपास. कूलर १८० वॅटचा, चौदा तास चालला तर अडीच युनिट. दोन जुने पंखे, ७५ वॅटचे, एक वीस तास आणि एक बारा, मिळून २ युनिट ४० पॉइंट. राहिलेल्यात दिवे, टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन. म्हणजे ज्याला आपण ‘नुसता पंखा’ म्हणतो तो कूलरच्या बरोबरीने वीज खात होता! आणि तो एक नंबरवर ठेवून काकूंनी काय वाचवलं? जवळपास काही नाही. त्यांचा रेग्युलेटर जुना, मोठ्या डबीचा. त्यात वेग कमी केला की पंख्याची वाचलेली बरीचशी वीज रेग्युलेटरच्या तारेत उष्णता होऊन जाते. हात लावून बघा, डबी गरम लागते. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरला मात्र वेग कमी केल्याचा फायदा मिळतो.

आम्ही दोन्ही पंखे बदलले. बीएलडीसी म्हणतात ते, तीसेक वॅटचे, वाराही तेवढाच. प्रत्येक पंख्यामागे तासाला ४५ वॅट वाचले. दोघांचे मिळून बत्तीस तास धरले तर रोजचे जवळजवळ दीड युनिट, महिन्याचे ४३. आता २२५ मधून ४३ वजा करा. १८२. कूलर चौदा तास चालू ठेवून काकू दोनशेच्या आत! पंख्यांना सहा हजारांच्या आत-बाहेर खर्च आला. माझ्या अंदाजाने अडीच-तीन वर्षांत वसूल होईल. घाई असेल तर एकच बदला, जो सगळ्यात जास्त तास चालतो तो. देवघरातला नंतर बघू.

गच्चीला पांढरा लेप दिला. तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छतांचं धोरण आणलं ते याच कारणाने. पांढरं छत ऊन परतवतं. काकूंच्या खोलीत संध्याकाळी फरक जाणवतो. थर्मामीटर लावून मोजलं नाही, पण त्या आता संध्याकाळी दिवाण बाहेर ओढत नाहीत. आमच्या सोसायटीत गच्चीचा खर्च कोणी करायचा यावर दोन बैठका झाल्या. त्या वर्णनात मी शिरत नाही. सोसायटी तुम्हालाही आहे.

एसीबद्दल नेहमी विचारतात. दीड टनाचा एसी भर उन्हाळ्याच्या रात्री आठ तास चालला तर सात-आठ युनिट सहज घेतो. म्हणजे एका रात्रीत काकूंच्या अख्ख्या घराचा दिवसभराचा वापर. महिनाभर चालवलात तर दोनशेची कडा विसरून जा. मग युनिटला ७ रुपये ७० पैसे, तीनशेच्या वर ९ रुपये, असाच हिशेब धरा आणि त्यातही शांत झोपा. तापमान २४ वर ठेवा. १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी सुरू होताना २४ वरच यावेत असा नियम आहे, आणि एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं म्हणणं आहे. सोबत पंखा हळू सोडला तर २६ही चालतं. पण ज्यांच्या घरात सत्तरीच्या पुढचं माणूस आहे, रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी चालू आहे, त्यांनी २६ की २४ असला वाद त्या माणसाला विचारून मिटवावा. हवा चाळिशीच्या वर गेली की नुसता पंखा गरम वाराच अंगावर मारतो. तेव्हा अंग ओलं ठेवा, कूलर लावा, नाहीतर एसीच्या खोलीत जा. जून लागला, हवा दमट झाली की कूलर बिनकामाचा, तेव्हा तो पुसून ठेवा. पाणी साचून डास होतात.

आणखी एक गोष्ट. आमच्या इमारतीत जिन्याखालच्या फळ्यावर दर महिन्याला ‘सर्वांत कमी बिल’ लिहायची पद्धत मीच सुरू केली होती. ती मी पुसली. आता तिथे एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेदहाला एकटं राहणाऱ्यांच्या दाराची बेल कोणी वाजवायची याची पाळी लिहितो. सोमवार-मंगळवार माझा. बुधवारचा गडी सारखा विसरतो, त्यामुळे बुधवारही माझाच.

घरच्या ग्रुपवर मी सगळ्यांकडून रोजचे युनिट आणि घरातली माणसं, एवढंच मागवलं. बडोद्याची मावसबहीण, जिचं बिल बघून आम्ही दोन दिवस हळहळलो होतो, ती माणशी हिशेबात सगळ्यात कमी निघाली. पुण्याच्या भावाने अजून पाठवलेलं नाही. गीझर मे महिन्यातही चालू असतो त्यांच्याकडे, मला माहीत आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी बिल आणलंय त्यांनी चहानंतर कोपऱ्यातल्या टेबलाशी या. दोन्ही तारखा दिसतील असं बिल हवं, फाटकं चालेल. भिंग मी आणलं आहे. आणि ज्यांच्या घरी मोठ्या डबीचा रेग्युलेटर आहे त्यांनी हात वर करा… एक, दोन… अहो, अध्यक्षांचासुद्धा? बरं, तुमच्यापासूनच सुरू करू.