पेशी कुणाची, औषध कुणाला?

(नळदुर्ग इथं तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज मुद्दाम तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून काहीजण पुटपुटले. कॅन्सरच्या पेशी बाटलीत वाढवतात, त्याचं आपल्याला काय? आपला लढा गायरानाचा, शिष्यवृत्तीचा, वस्तीतल्या पाण्याचा. बरोबर आहे. पण ज्या शरीरानं हा लढा लढायचा, ते शरीर तरी आपल्या ताब्यात आहे का? आजवर दुसऱ्यांनीच त्यावर हक्क सांगितला. त्याची सावली नको म्हणाले आणि त्याची वेठ मात्र घेतली. डॉक्टरी विद्येनं या शरीराकडून काय घेतलं आणि त्याला काय दिलं, याचाही हिशेब एकदा मांडू. पण हिशेब मागायचा तर आधी ती विद्या समजली पाहिजे. न समजता दिलेल्या शिव्या वाऱ्यावर जातात.

आपल्या किल्ल्यातला पाणीमहाल तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात, आदिलशाहीत, १६१३ साली बांधलेला. पावसाळ्यात पाणी वरून धो धो कोसळतं आणि आतल्या खोलीत माणूस कोरडा उभा राहतो. पेशीचं काहीसं असंच आहे. भोवती सगळं पाणी आणि मधे एक पातळ पडदा. काय आत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं, हे तो पडदा ठरवतो. औषधानं कॅन्सरची पेशी मारायची तर बहुतेक वेळा त्याला आधी हा पडदा ओलांडावा लागतो. औषधाची ही ये-जा जिवंत माणसाच्या पोटात डोळ्यांनी बघता येत नाही. म्हणून पेशी बाहेर काढून वाढवायच्या.

कशा वाढवतात? सपाट बाटली, अंगाइतकी म्हणजे ३७ अंशांची ऊब, साखर-क्षार-जीवनसत्त्वांचं पाणी, आणि त्यात गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचं निवळ. हो, गाईच्या वासराचं! जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी त्यावर पोसतात. आपल्या आज्याला मेलेलं ढोर ओढायला लावलं आणि वर त्याच्याच ताटाला नावं ठेवली, त्या सोवळ्या घरांतली औषधंसुद्धा याच पाण्यावर वाढलेल्या पेशींवर तपासून येतात. तिथं सोवळं चालत नाही.

आतड्याच्या कॅन्सरच्या ‘कॅको-टू’ नावाच्या पेशी आहेत. बारीक छिद्रांच्या पडद्यावर त्या तीन आठवडे वाढवल्या की आतड्याच्या अस्तरासारखा थर तयार होतो. वरून औषध टाका, खाली किती उतरलं ते मोजा. गोळी पोटातून रक्तात उतरेल का, याचा अंदाज माणसाला गोळी देण्याआधीच येतो. ही विद्या खरी आहे, कामाची आहे.

आता या विद्येच्या मुळाशी कोण आहे ते ऐका. अमेरिकेतली एक काळी बाई. नाव हेन्रिएटा लॅक्स. तंबाखूच्या शेतात राबलेली, गुलामांच्या वंशातली, पाच लेकरांची आई. १९५१ साली अंगावरून रक्त जातंय म्हणून ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. काळ्यांचा वॉर्ड वेगळा होता. गर्भाशयाच्या तोंडाला कॅन्सर निघाला. उपचार करताना डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढला आणि जॉर्ज गाय या शास्त्रज्ञाकडे पाठवला. तिला विचारलं नाही, सांगितलं नाही. गाय यांच्याकडे तोवर माणसाच्या पेशी बाटलीत टिकत नव्हत्या. या टिकल्या. एका दिवसात दुप्पट होऊ लागल्या. त्यांचं नाव ठेवलं ‘हीला’. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला हेन्रिएटा मेली. वय ३१. तिच्या कबरीवर दगडसुद्धा नव्हता, तो २०१० साली बसला. पेशी मात्र जगभर गेल्या. पोलिओची लस त्यांच्यावर पारखली, कॅन्सरची औषधं त्यांच्यावर पारखली. त्या विकल्या गेल्या, त्यावर कंपन्या उभ्या राहिल्या. घरच्यांना पत्ता लागला तो १९७३ साली. एका मोठ्या कंपनीनं त्यांच्याशी तडजोड केली ती २०२३ साली. ७२ वर्षांनी!

ही विद्या महाराष्ट्रात आणली कमल रणदिवे यांनी. पुण्यात जन्मलेल्या या बाई बाल्टिमोरला याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायला शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी पेशींची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचं काम मोठं आहे आणि मान दिलाच पाहिजे. मी एवढंच म्हणतो, ज्या घराण्याची ही विद्या, त्या घराण्याची मूळ आई ती काळी बाई आहे. शिष्यांची नावं पाठ करताना तिचंही नाव घ्या.

आणि यात एक गंमत आहे, आपल्यालाच जास्त कळेल अशी. १९६६ साली स्टॅनली गार्टलर या शास्त्रज्ञानं भर परिषदेत सांगितलं, तुम्ही वेगवेगळ्या माणसांच्या म्हणून ज्या १८ प्रकारच्या पेशी वाढवताय, त्या सगळ्या हीला दिसतात. कशावरून? त्या सगळ्यांत एका एन्झाइमचा असा प्रकार होता, जो जवळजवळ काळ्या लोकांतच सापडतो. गोऱ्यांच्या म्हणून जपलेल्या बाटल्यांतसुद्धा तोच! हीला इतकी चिवट की एखादा थेंब उडाला तरी दुसऱ्या बाटलीत शिरून तिथल्या पेशींना मागं टाकते. प्रयोगशाळेच्या भाषेत याला भेसळ म्हणतात. आपल्या गावच्या भाषेत विटाळ म्हणाले असते. ज्या बाईला वेगळ्या वॉर्डात ठेवलं, तिच्या पेशींनी एकही वॉर्ड वेगळा ठेवला नाही.

आता औषधाकडे या. रानातली कळलावी तुम्हाला माहीत आहे. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं, ते पेशीची वाढ मोडतं. १९७०च्या दशकात कॅनडात शास्त्रज्ञांनी एका उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींना हे विष थोडं थोडं, वाढवत दिलं. बहुतेक मेल्या. काही उरल्या. उरलेल्यांना आणखी दिलं. शेवटी अशा पेशी हातात आल्या की कोल्चिसिन त्यांचं काही करीना. आणि नवल म्हणजे जी औषधं त्यांनी कधी बघितलीच नव्हती, तीही त्यांना लागू पडेनात. का? १९७६ साली ज्युलियानो आणि लिंग यांनी दाखवलं की या पेशींच्या पडद्यावर एक प्रथिन मोठ्या प्रमाणात आहे. पुढं उलगडलं की तो पंप आहे. विहिरीला झरा असतो, पाणी आत येत असतं, पण वर इंजिन सुरू असलं तर विहीर भरेल का? औषध आत झिरपतं आणि हा पंप पेशीची ताकद खर्चून त्याला बाहेर फेकतो. अंगणातल्या सदाफुलीपासून निघणारं व्हिन्क्रिस्टिन, जे रक्ताच्या कॅन्सरच्या लेकरांना देतात, तेही फेकतो.

माणसातल्या या पंपाचं जनुक १९८६ साली हाती लागलं ते ‘केबी’ नावाच्या पेशींतून. त्या तोंडाच्या कॅन्सरच्या म्हणून वापरत होते. निघाल्या कुणाच्या? हीला! पुन्हा हेन्रिएटाच.

मग पंप बंद करा की, असं तुम्ही म्हणाल. तेच केलं. रक्तदाबावरचं व्हेरापामिल हे औषध बाटलीतल्या पेशींचा पंप रोखतं, हे १९८०च्या दशकात दिसलं. पेशी पुन्हा मरू लागल्या. आनंदीआनंद! पण माणसाला तेवढा डोस द्यायचा तर हृदयावर बेततं. कारण हा पंप कॅन्सरचा एकट्याचा नाही. आपल्या आतड्यात, यकृतात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत तो विष बाहेर ठेवायला बसलेलाच आहे. तो रोखणारी पुढची औषधंही माणसात फारशी चालली नाहीत. आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला जे सिस्प्लॅटिन देतात, ते या पंपातून जातच नाही. त्याच्याशी पेशी दुसऱ्या वाटांनी झुंजते.

यातून शिकायचं ते हे. बाटलीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. बाटलीत जमलं ते शेवटी कुणाच्या तरी शरीरावर करून बघावंच लागतं. मग प्रश्न उभा राहतो, कुणाच्या?

आता आपल्या जिल्ह्यात या. १९८०च्या दशकात जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझन यांनी शोधलं की गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो. त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. तो विषाणू हीला पेशींतही बसलेला सापडला. हेन्रिएटाला कशानं मारलं, ते तीसएक वर्षांनी तिच्याच पेशींनी सांगितलं. या विषाणूची तपासणी निघाली. ती खेड्यात जीव वाचवते का, हे बघायचं ठरलं. कुठं? तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात.

१९९९ साली काम सुरू झालं. मुंबईचं टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संस्था. पैसा अमेरिकेतल्या गेट्स प्रतिष्ठानचा. खेड्यांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया. चार भाग. एका भागात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात पातळ ॲसिटिक ॲसिड लावून नजरेनं. चौथ्या भागात ‘नेहमीची सेवा’. त्या वेळी खेड्यात नेहमीची सेवा म्हणजे काय हो? तपासणी नाही, हीच सेवा.

२००९ साली निकाल छापून आला. आठ वर्षांत, विषाणू तपासलेल्या ३४,१२६ बायांत या कॅन्सरनं ३४ मेल्या. न तपासलेल्या ३१,४८८ बायांत ६४. मरण जवळजवळ निम्म्यावर आलं, तेही एकदाच केलेल्या तपासणीनं. उरलेल्या दोन भागांत मरणात ठोस घट दिसली नाही. पुढं २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं विषाणूची तपासणीच पहिली पसंती ठरवली. त्याच्या पायातला एक दगड आपल्या जिल्ह्यातल्या बायांचा आहे. हे कुठल्या शाळेच्या पुस्तकात आहे? कुठल्या चौकात पाटी आहे?

चौथ्या भागावरून मोठा वाद झाला. २०१४ साली भारतातल्या वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकात उघड प्रश्न विचारला गेला की तपासणीनं फायदा होतो हे जगाला माहीत असताना हजारो गरीब बायांना न तपासता नुसतं मोजत का ठेवलं. बाजू मांडणारे म्हणाले, देशात ही तपासणी नव्हतीच, आम्ही काही काढून घेतलं नाही. मी इथं कुणाला कसाई म्हणत नाही. अमेरिकेत टस्कगीला १९३२ ते १९७२ काळ्या माणसांना फसवून, औषध असून दिलं नाही. इथं तसं झालं असं म्हणणं खोटं होईल. तपासणीत आजारी निघालेल्या बायांवर उपचार झाले, जीव वाचले. पण मला सांगा, ‘देशात नव्हतीच’ हे उत्तर कुणाच्या उपयोगाचं? आधी व्यवस्थेनं काही द्यायचं नाही, आणि मग तेच ‘काही नाही’ प्रयोगाचं माप म्हणून वापरायचं. ती चौसष्ट माणसं होती. त्यातल्या बऱ्याच जणींना उशीर मारून गेला.

उशीर म्हणजे काय? अंगावरून पांढरं जातंय, पाळी गेल्यावर परत रक्त दिसतंय, संबंधानंतर रक्त येतंय, आणि बाई बोलत नाही. लाज. मजुरी बुडेल ही भीती. आणि बोललीच तर काय होतं? शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेलं. ‘कॅन्सर होईल’ असं भ्या घालून पिशवी काढायला लावली, असं कितीतरी बायांनी सांगितलं. बघा, एका बाजूला तपासणी नाही आणि दुसऱ्या बाजूला भीतीचा बाजार. ज्ञान आपल्या हाती नसलं की आपलंच शरीर आपल्याला विकत घ्यावं लागतं.

१९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं. त्यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. वस्त्यांत मोफत दवाखाने काढले, दारोदार फिरून सिकलसेलची तपासणी केली. नाव घेतलं तर कामही घ्या. मग आपण काय करायचं?

पहिलं, कुणी रक्त, तुकडा, नमुना मागितला तर विचारायचं : कशासाठी, कुठं जाणार, निकाल मला कधी कळणार, नाही म्हटलं तर उपचार थांबणार का? कागद मराठीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही, सही नाही.

दुसरं, तिशीपुढच्या प्रत्येक बाईला विषाणूची तपासणी, आपल्या तालुक्यात, फुकट. हा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, लाजेचं कारण उरत नाही. हा निकाल आमच्या जिल्ह्यानं जगाला दिलाय, तो आम्हाला परत करा!

तिसरं, ९ ते १४ वर्षांच्या पोरींना लस. पुण्याच्या सीरमची लस २०२२ साली मंजूर झालेली आहे. वस्तीतली एक पोर राहता कामा नये. याद्या आपण करू.

चौथं, कॅन्सर निघालाच तर उपचार अर्धा सोडायचा नाही. भाड्याला पैसे नाहीत म्हणून फेऱ्या चुकतात. ते भाडं, ती बुडालेली मजुरी सरकारकडून मागायची, मिळेपर्यंत वर्गणी काढायची.

आणि पाचवं पोरापोरींना सांगतो. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, देशभर पेशी तिथून जातात. खारघरला टाटाचं संशोधन केंद्र आहे. तिथं नुसते झाडू मारायला जाऊ नका. विज्ञान शिका, आत शिरा. आजवर बाटलीतली पेशी आपल्यासारख्यांची आणि बाटली धरणारा हात दुसऱ्याचा. तो हातही आपला झाला पाहिजे. तेव्हाच ‘विचारलं होतं का?’ हा प्रश्न त्या भिंतींच्या आत, मोठ्यानं विचारला जाईल.

जय भीम!