शेवटच्या एसटीच्या आधी



अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळांची जुनी परंपरा आहे. फ्रॅटर्निटी म्हणतात त्यांना. नावं ग्रीक अक्षरांची असतात. पहिलं मंडळ, फाय बीटा कॅपा, 1776 साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालं. पुढे ते गुणवंतांची सभा होऊन बसलं. पण त्याच्या मागून निघालेल्या मंडळांनी स्वतःची घरं घेतली नि पोरं एकत्र राहायला लागली. वर्षभरात ही मुलं एखाद्या सत्कार्यासाठी पैसे उभे करतात, मागे पडलेल्याचा अभ्यास घेतात आणि कॉलेजातल्या सामन्यांत मंडळाचा संघ उतरवतात. दारूपायी आणि नव्या पोरांच्या छळापायी त्यांतली काही बदनामही झाली. मात्र या मंडळांचा पाया एकच. जुने सभासद नव्याला निवडतात. ज्याला निवडलं नाही, तो बाहेर.

आपल्याकडे रायगडात, रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावर, अशी मंडळं नाहीत. पण ती तिन्ही कामं होतात. निधी जमतो, अभ्यास होतो, सामने रंगतात. आणि आपल्या कॉलेजांत कुणी कुणाला निवडत नाही, आलेला प्रत्येक जण आपला. निदान आपण तसं म्हणतो. आज मला बोलायचंय ते या ‘निदान’बद्दल.

एकत्र राहण्यातून काय उभं राहतं, याचा एक दाखला आपल्या जिल्ह्याला जवळचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी तरुण त्यांच्याबरोबर राहत होता. ती मैत्री जन्मभर टिकली. लंडनमधलं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब 1920 साली निघाले, तेव्हा याच भथेनांनी त्यांना पैसे उसने दिले. पुढे 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर जो माणूस उभा राहिला, त्याच्या शिक्षणाला एका खोलीसोबत्याचा असा हातभार होता. बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 साली आपल्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात लोणेऱ्याला झालं. तिथे वसतिगृहं आहेत. रात्री जेवणानंतर गप्पांचे फड रंगतात, परीक्षेच्या आदल्या रात्री चार-चार जण एका वहीवर वाकलेले असतात.

पण किनाऱ्यावरच्या आपल्या कला, वाणिज्य, विज्ञान कॉलेजांची गोष्ट वेगळी. अलिबागला साठच्या दशकात कॉलेज आलं, मग हळूहळू मुरुड, श्रीवर्धनलाही आलं. त्याआधी शिकायचं म्हणजे मुंबई-पुण्याला नातेवाइकाच्या घरी पडून राहायचं. कॉलेज जवळ आलं, ही फार मोठी सोय झाली, मुलींसाठी तर विशेषच. मात्र या कॉलेजांतले बहुतेक विद्यार्थी घरी राहून शिकतात. रेवदंड्याचे, चौलचे, पोयनाडचे, बोर्लीचे. सकाळी एसटीने यायचं नि दुपारी एसटीने जायचं. यांची खोली एक नाही, खानावळ एक नाही. मग यांच्यात जिव्हाळा मूळ धरतो कुठे?

पहिली जागा म्हणजे एनएसएस, राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती सुरू केली. आरंभी 37 विद्यापीठं होती आणि 40 हजार विद्यार्थी. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास काम करायचं आणि एका दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, असा तिचा ढाचा आहे. मुंबई विद्यापीठात यासाठी दहा गुण जास्तीचे मिळत आले. त्या दहा गुणांसाठी नाव घालणारे खूप असतात. त्यात काही वाईट नाही. दहा गुणांसाठी आलेला मुलगा सातव्या दिवशी शिबिरातून निघताना गुणांचं नावही काढत नाही, हे कोणताही कार्यक्रम अधिकारी तुम्हाला सांगेल.

शिबिराचा दिवस पहाटे प्रभातफेरीने उजाडतो. मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावकऱ्यांपुढे पथनाट्य नाहीतर गाणी. मुक्काम शाळेच्या वर्गात. पाऊस सरला की आपल्याकडच्या ओढ्यांचं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं, आणि मार्चमध्ये त्याच गावातल्या बायका हंडे घेऊन फिरतात. म्हणून हिवाळी शिबिरांत वनराई बंधारा हे हमखास काम असतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणायच्या, त्यांत ओढ्यातलीच वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची आणि सांध्यावर सांधा येणार नाही अशा बेताने एकावर एक रचायच्या. खर्च जवळजवळ नाही, पण माणसं भरपूर लागतात. एक जण भरतो, दुसरा शिवतो, बाकीचे रांगेने हातोहात पुढे देतात. रांगेत मध्येच उभ्या असलेल्याला गोणी टाकून जाता येत नाही. पाणी दोन बोटं चढलं की सगळे ओरडतात. कोणाची गोणी कुठली, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नाही.

आणि स्वयंपाकाची पाळी! पन्नास माणसांचा भात एका टोपात शिजवायचा म्हणजे पहिल्या दिवशी खालून करपलेला नि वरून कच्चा. मुलगे जन्मात पहिल्यांदा कांदे चिरत असतात, मुली पहिल्यांदाच आयत्या पानावर बसलेल्या असतात. भावंडांसारखं वागा असं बौद्धिकात कितीही सांगितलं, तरी ते खरं होतं भांडी घासताना.

दुसरी जागा निधीसंकलनाची. आपल्या कॉलेजांत दरवर्षी न चुकता होणारं निधीसंकलन म्हणजे ध्वजदिन. 1949 पासून 7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. छोटे कागदी ध्वज छातीला लावायचे, डबा पुढे करायचा. जमलेला पैसा सैनिकांच्या विधवांसाठी, जखमी जवानांसाठी आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी वापरला जातो. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे हे गाव घरटी सैनिक देणारं म्हणून ओळखलं जातं. म्हणजे रायगडात हा डबा फिरतो, तेव्हा तो दूरच्या कुणासाठी फिरत नाही. त्यात नाणं टाकणाऱ्या बाजारातल्या बाईचा दीर नाहीतर भाचा सैन्यात असू शकतो.

पैसे मागणं हे मोठं शिक्षण आहे. पहिल्या दुकानापाशी मुलगी बोलतच नाही, डबा नुसता पुढे धरते. दहाव्या दुकानापाशी ती दुकानदाराला ध्वजदिनाची सगळी माहिती सांगत असते. पण त्याहून मोठं शिक्षण हिशोबाचं. डब्याला सील हवं, डबा दोघांच्या देखत फुटायला हवा, मोजलेल्या रकमेवर दोघांच्या सह्या हव्यात. पावतीपुस्तकाचं प्रत्येक पान, रद्द झालेलंसुद्धा, जागच्या जागी असायला हवं. आणि एकूण आकडा नोटीस बोर्डावर लागायलाच हवा. ज्या मुलांनी विसाव्या वर्षी हे एकदा केलं, ती पुढे गावच्या उत्सव कमिटीत किंवा मच्छीमार सोसायटीत बसली की ताळेबंद मागायला कचरत नाहीत.

मदत कशी द्यावी, हे मात्र आपल्याला संकटांनी शिकवलं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. घरांवरचे पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती. करोनामुळे कॉलेजं बंद, मुलं आपापल्या गावी. पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, महाड पाण्याखाली गेलं आणि तळिये गावावर दरड कोसळली. अशा वेळी राज्यभरातून जुन्या कपड्यांचे ढीग येतात. ज्याच्या घरावर पत्रा नाही, त्याला हवी असते ताडपत्री, दोरी, मेणबत्त्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, आणि घरातला चिखल उपसायला फावडं धरणारे दोन हात. म्हणून निधी गोळा करण्याआधी एक फोन करावा नि विचारावं, तुम्हाला काय हवंय? आपत्तीच्या वेळी काय करायचं, याचं प्रशिक्षण देणारी ‘आव्हान’ शिबिरं एनएसएसच्या मुलांसाठी राज्यपातळीवर भरतात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक कॉलेजाने त्यासाठी आपली मुलं आवर्जून पाठवावीत.

आता खेळ. रायगडात खेळ म्हटलं की कबड्डी, हे मी तुम्हाला सांगायला नको. गावोगाव संघ आहेत. दिवे लावून रात्रीचे सामने होतात, आणि दोन गावांतली चुरस कधी कधी पंचांच्या शिट्टीनेही थांबत नाही. पण कॉलेजातल्या आंतरवर्गीय सामन्यांत एक गंमत होते. तिथे संघ गावांचे नसतात. एफवाय विरुद्ध टीवाय, कला विरुद्ध वाणिज्य असे असतात. आठवड्यापूर्वी यात्रेच्या सामन्यात ज्याला पकडून आपटला, तोच आज आपल्या शेजारी, आपला हात धरून साखळीत उभा असतो. कबड्डीत ही साखळी सुटली की चढाईवाला निसटलाच. तीस सेकंदांच्या एका चढाईपुरतं तरी दोन गावांचं वैर विसरावं लागतं. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असे गेले की ते पुरतं आठवतही नाही.

मुलींच्या सामन्यांनाही आता प्रेक्षक जमतात. कोळीवाड्यातल्या मुली चढाईला उतरल्या की मैदानाबाहेरच्या मुलांची टवाळी पहिल्या बोनसलाच बंद पडते. जिंकणाऱ्या वर्गाला मिळतो एक कप. तो वर्षभर मुख्याध्यापकांसारखा गंभीर चेहरा करून प्राचार्यांच्या कपाटात बसतो. बक्षीस एवढंच, म्हणून भांडणंही एवढ्यापुरतीच.

आणि अभ्यास? तो आमच्याकडे ग्रंथालयापेक्षा झेरॉक्सच्या दुकानात जास्त सामुदायिक असतो, असं कुणी म्हटलं तर मी रागावणार नाही. पण शिबिरात एका टोपातलं जेवलेली, एका साखळीत उभी राहिलेली मुलं एकमेकांना केटी लागू देत नाहीत, म्हणजे कुणाचा विषय राहू देत नाहीत. अकाउंट्स पक्कं असलेला मुलगा, इंग्रजी बरं असलेली मुलगी, असे चार जण रिकाम्या तासाला झाडाखाली बसतात. शिक्षकासमोर ‘समजलं नाही’ म्हणायला जीभ वळत नाही, ती मित्रासमोर वळते. नव्या शैक्षणिक धोरणात तर सेवा योजना आणि खेळ यांना अभ्यासक्रमातच श्रेयांक आहेत. म्हणजे हा सगळा प्रकार अभ्यासाबाहेरचा आहे, असं म्हणायची सोयही उरलेली नाही.

आता तो ‘निदान’. आपल्याकडे कुणी कुणाला निवडत नाही म्हणतो आपण. पण सामने कधी लावतो? तास संपल्यावर, तीन-चार वाजता. स्नेहसंमेलनाच्या तालमी कधी? संध्याकाळी. बैठक कधी? सगळे मोकळे झाले की. मोकळं कोण होतं? ज्याचं घर कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर आहे, किंवा ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो. आडगावच्या मुलीची एसटी त्याआधीच लागलेली असते. तिच्याकडे सवलतीचा पास आहे, पुढची गाडी दिवेलागणीनंतरची आहे आणि ती आलीच नाही तर थांबायला जागा नाही. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही, खाडीपलीकडच्या मुलांना तर एसटीच्या आधी तरीची होडीसुद्धा गाठावी लागते. ही मुलं संघात नसतात, बैठकीत नसतात, फोटोत नसतात. त्यांना कुणी नाकारलेलं नाही. त्यांना वेळापत्रकाने वगळलंय. अमेरिकेतल्या मंडळात निदान नकार तोंडावर तरी मिळतो.

यावर उपाय अवघड नाही, खर्चिक तर मुळीच नाही. आठवड्यातून एक दिवस दुपारच्या आतले दोन तास सर्वांसाठी मोकळे ठेवा. सामने, एनएसएसची बैठक, अभ्यासगट, सगळं त्या दोन तासांत बसवा. तालमी त्यात मावल्या नाहीत, तर डेपो मॅनेजरना प्राचार्यांनी पत्र द्यावं आणि त्या पंधरवड्यापुरती एक गाडी अर्धा तास उशिरा मागावी. प्रवासी पाहिजेत म्हणूनच तर गाडी सुटते. निवासी शिबिराआधी शिक्षिकांनी दोन-चार घरी जाऊन आयांशी बोलावं. आईने होकार दिला की बापाचा होकार मागून येतो, हा आपल्या भागातला अनुभव आहे. आणि वर्गप्रतिनिधींना माझं सांगणं आहे, संघाची यादी लावण्याआधी एक दुसरी यादी करा. वर्गातलं कोण कुठून येतं आणि त्याची शेवटची गाडी किती वाजता आहे, एवढंच तिच्यात लिहा. त्या यादीत सगळ्यात लांबून येणारा जो असेल, त्याला जमेल ती सामन्याची वेळ ठरवा.

जूनमध्ये नवीन वर्ग भरतील. प्राध्यापक मंडळी वेळापत्रकाचे रकाने आखायला बसतील, तेव्हा मोकळ्या दोन तासांचा तो रकाना सगळ्यात आधी आखा. बाकीचे विषय त्याच्याभोवती बसतात.